सातवी ओळ

६ जानेवारी, मंगळवार

पुढे कोणी विचारलं, "तेव्हा तुम्ही काय करत होतात?" तर तारीखवार सांगता यावं म्हणून आजपासून लिहायला घेतलं आहे. एरवी मला असले नाद नाहीत. पण आजपासून माझ्या खोलीत परका माणूस बसणार आहे आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं सकाळपासून वाटतंय.

माझी खोली म्हणजे संस्थेतली ठशांची खोली. चौकशी करणाऱ्याला ठसा म्हणजे काय हे माहीत नसणारच, कोणालाच नसतं, म्हणून तेही लिहून ठेवते. जुन्या शिलालेखावर ओला कागद बसवायचा. ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा. वरून शाईचा बोळा थोपटायचा. खाचेत शाई जात नाही, त्यामुळे काळ्या कागदावर पांढरी अक्षरं दिसतात. आणि मग गप्प बसायचं. कागद दगडावरच पूर्ण वाळला पाहिजे. वाळल्यावरच सोडवायचा. ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड, कारण माणसाला गप्प बसता येत नाही.

संचालकांनी ठरवलंय, सगळे ठसे डिजिटल करायचे. "मॅडम, जग घरबसल्या बघेल!" म्हणाले. जग घरबसल्या बघेल आणि आम्ही घरी बसू, हे मी मनात म्हणाले.

कामाला आलेला माणूस चाळिशीचा, टक्कल पडलेला, सतत गुणगुणणारा. याआधी काय करायचा, तर फरशांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचा. बाथरूमच्या फरशा! मी विचारलं, "शिलालेख कधी बघितलाय का?" तर म्हणतो, "फरशीसारखाच असणार की मॅडम, फक्त जास्त बोलणारा." आल्यापासून हा दिवा इकडे सरकव, तो दिवा तिकडे सरकव, एवढंच चाललंय. शिपाई त्याला लाइटवाला म्हणायला लागलेसुद्धा. मीही तेच म्हणणार. नाव लक्षात ठेवण्याइतके दिवस तो टिकेल असं वाटत नाही.

घरी काकांना सांगितलं. या खोलीतले निम्मे ठसे काकांनी संस्थेत नोकरीला असताना घेतलेले आहेत. वाटलं होतं, खूश होतील. ते म्हणाले, "सगळेच? का निवडक?" मी म्हटलं, सगळेच. मग बराच वेळ चहा ढवळत बसले. साखर घालायची राहिली होती, ती घातली तर म्हणाले, "आता नको."

९ जानेवारी, शुक्रवार

मान्य करायला जड जातंय, पण दिवा सरकवण्यात अर्थ आहे. लाइटवाला दिवा वर धरत नाही, टेबलाला टेकवून बाजूने सोडतो. कागदावर आडवा उजेड पडला की जिथे जिथे कागद दगडात उतरला होता तिथे सावली पडते. शाई पुसट झालेली अक्षरंही नुसत्या सावलीने वाचता येतात. पाहता पाहता मी चष्मा काढून पुसला. तो हसला. मी लगेच म्हटलं, "कागद तापता कामा नये."

त्याने कागदाला हात लावण्याआधी हात धुतले की नाही, यावर मी नजर ठेवून आहे. आज धुतले. पण माझ्याकडे बघत धुतले.

काकांना बाजूच्या उजेडाचं सांगितलं. हातातला कप खाली ठेवून म्हणाले, "बाजूने? बाजूने कशाला? सरळ फोटो काढायचा की." त्यांना त्या माणसाबद्दल माझ्यासारखीच शंका आलेली दिसते. रक्तातच आहे आमच्या.

११ जानेवारी, रविवार

काकांना फिरवून आणलं. काठी टेकत टेकत पाणीपुरवठ्याच्या इमारतीपर्यंत. तिथे नेहमीप्रमाणे पाटीपाशी थांबले. डोंगरातून पाण्याचा बोगदा खोदला त्याची ती पाटी. वर उद्घाटन करणाऱ्याचं नाव, खाली इंजिनिअरचं. आमचे आजोबा त्या बोगद्यात दरड कोसळून गेले. काका तेव्हा लहान होते. पाटीवर आजोबा कुठे असणार? माती वाहणाऱ्याचं नाव कोण कोरतंय! काका मात्र ती पाटी दर वेळी शेवटपर्यंत वाचतात आणि खाली अजून एखादी ओळ असावी तसे जरासे वाकतात. धाकटी आणि मी लहानपणी त्यावरून त्यांची नक्कल करायचो. बाबा लवकर गेले, तेव्हापासून काकांनीच आम्हा दोघींना वाढवलं. लग्न केलं नाही. त्यांच्या नकला करायचा हक्क आमचाच.

परत येताना विचारलं, "कितव्या कपाटापर्यंत आलाय तो?" मी म्हटलं, पाण्याच्या पाटाचा लेख ज्यात आहे ते कपाट येत्या आठवड्यात. "हं," म्हणाले. मग म्हणाले, पाय दुखतायत, रिक्षा कर.

१५ जानेवारी, गुरुवार

आज पाटाच्या लेखाचा नंबर लागला.

हा ठसा म्हणजे काकांचं नाव आहे. दगड आज जगात नाही. काकांनी ठसा घेतला आणि पुढच्याच वर्षी रस्त्याच्या कामात सुरुंगाने तो उडवला. राहिला तो हा एक कागद. पहिल्या सहा ओळी राजाच्या आहेत: मी अमुक, माझा बाप तमुक, मी डोंगर फोडून पाट आणला. असले राजे शेकड्यांनी पडलेत. पण सातवी ओळ! "पाट राजाचा म्हणतील. हात आमचे होते." दोन हजार वर्षांपूर्वीच्या मजुरांनी राजाच्या दगडाखाली हळूच कोरलेली. ती शाळेच्या पुस्तकात आहे. मोर्चांच्या फलकांवर असते. ज्यांना काकांचं नावही माहीत नाही त्यांना ही ओळ पाठ असते.

तर लाइटवाला गुणगुणत कामाला लागला आणि मध्येच थांबला. दिवा एका बाजूने लावला. मग दुसऱ्या बाजूने. मग खालून. एकाच कागदाचे किती फोटो काढायचे? मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही मॅडम."

"काही नाही तर मग पुन्हा पुन्हा कशाला?"

"खात्री करतो."

कसली खात्री, ते सांगेना. कागद परत देताना माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, आणि नंतर दिवसभर गुणगुणलाही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी त्याच्यासमोर कपाटाला कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

१७ जानेवारी, शनिवार

आज लाइटवाला रजेवर होता. मी अर्ध्या दिवसाने घरी आले तर टेबलावर संत्री. काका म्हणाले, शेजारचे देऊन गेले. शेजारचे आणि संत्री? ते दिलेली वाटी परत द्यायला महिना लावतात.

केर काढताना खुर्चीखाली निळं मऊ फडकं सापडलं. कॅमेऱ्याची काच पुसायचं. मी सरळ विचारलं, "तो आला होता का?" काका आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "आला असेल. माझा जरा डोळा लागला होता." डोळा लागलेल्या माणसाने सोललेल्या संत्र्याच्या साली दोन बशांत कशा पडतात, हे मी विचारलं नाही. म्हातारपणी माणूस विसरतो.

पण त्याचं काय काम माझ्या घरी? एकट्या म्हाताऱ्याला गाठून काय काढून घ्यायचं होतं? मला आज फार असुरक्षित वाटतंय. दाराची कडी तपासली.

२३ जानेवारी, शुक्रवार

सापडला. सापडला! देवा, माझा संशय खोटा ठरला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायला हवं. पण खरं लिहायचं तर आधी आनंद झाला.

लाइटवाला चहाला गेला होता. मी त्याच्या कॉम्प्युटरवर पाटाच्या लेखाची फाइल उघडली. सहज सापडू नये म्हणून त्याने ती वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवली होती, "तपासणी बाकी" असं नाव देऊन. पहिल्या सहा ओळी बाजूच्या उजेडात खणखणीत, प्रत्येक अक्षराला सावली. आणि सातवी ओळ सपाट. अक्षरं दिसतायत, पांढरी, स्वच्छ. पण सावली नाही. कागद तिथे दगडात उतरलेलाच नाही. कोणीतरी कुंचल्याने अक्षरांच्या भोवतीने शाई भरून ती ओळ रंगवली आहे.

म्हणजे आमच्या कपाटात आहे तो ठसा खोटा. खरा याने पळवला आणि नक्कल करून ठेवली. जगात एकच असलेला कागद, त्याला गिऱ्हाइकं कमी असतील काय!

तो आला तेव्हा मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. पांढराफटक पडला.

"मॅडम, तुम्ही ही फाइल बघायला नको होती."

"खरा ठसा कुठे आहे?"

"हाच खरा आहे."

"मग सातवी ओळ?"

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "यावर मी काही बोलणार नाही. माझ्यावर काय ठेवायचा तो आरोप ठेवा."

असं निर्लज्ज उत्तर! मी तडक संचालकांकडे गेले आणि लेखी तक्रार दिली. तो कंत्राटी आहे. चौकशी होईल, आणि दोषी ठरला तर नोकरी जाईलच. शिवाय कुठल्याही संग्रहालयाच्या दारात उभं करणार नाहीत, असं संचालक म्हणाले. मी म्हटलं, तेच योग्य.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, छातीत कळ येईल त्यांच्या, म्हणून गोळी आधीच हाताशी ठेवली होती. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नोकरी जाईल त्याची?"

"जायलाच पाहिजे."

"पोरंबाळं आहेत का त्याला?"

"मला काय माहीत! काका, तुमचा ठसा चोरलाय त्याने. तुमचा!"

"हं. आजकाल काहीही होऊ शकतं, पोरी," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मोठ्या मनाचा माणूस. मला रडूच आलं.

२५ जानेवारी, रविवार

धाकटीचा फोन. तिला सगळं सांगितलं. तिने नेहमीसारखीच माझी टर उडवली. "ताई, तुला तर आरशातल्या बाईचाही संशय येतो." मग म्हणाली, "मला एक सांग, चोराने सहा ओळी हुबेहूब केल्या, खाचांसकट, आणि सातवीलाच आळस केला?"

मी म्हटलं, घाई झाली असेल.

"बरं. आणि खरा ठसा चोरून नेणारा माणूस खोट्याचा दिवा लावून फोटो काढेल? स्वतःच?"

मी म्हटलं, अतिशहाणा असेल.

"काकाला विचारलंस?"

"काकांना काय विचारायचं? त्यांना किती धक्का बसलाय!"

"ताई, काखेत कळसा आणि गावाला वळसा," म्हणाली ती. तिला म्हणी फार येतात, कामं फार करावी लागत नाहीत. मी फोन ठेवला.

पण सहा ओळींचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. खाचांसकट नक्कल करायला दगड लागतो. दगड तर नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

चौकशी मंगळवारी. संचालक आणि बाहेरचे दोघे. साक्ष माझीच.

लाइटवाला रोज वेळेवर येतो, मान खाली घालून काम करतो. आज म्हणाला, "मॅडम, मंगळवारपर्यंत हे कपाट पुरं करून देतो. पुढच्याला अर्धवट नको." मग दुपारी त्याच्या फोनवर मुलीचा आवाज आला, फी भरायची शेवटची तारीख विचारत होती. त्याने "बघू" म्हटलं. असले फोन मुद्दाम माझ्यासमोर घेता येतात, हे मला कळत नाही असं नाही.

काका जेवत नाहीत. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, "तो ठसा घरी आणता येईल का? एकदा बघीन म्हणतो." नियमात बसत नाही, असं मी सांगितलं. हे नियम त्यांनीच केलेले. त्यावर चिडले माझ्यावर. कित्येक वर्षांनी चिडले.

२ फेब्रुवारी, सोमवार

हे सगळं क्रमाने लिहिते. घाई केली तर चूक होईल.

लहानपणी काका मला ठसे बोटांनी वाचायला शिकवायचे. डोळे मिटायचे आणि कागदाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवायचं. मागे अक्षरं उलटी असतात, पण उठलेली असतात. मी पाटाचा लेख असाच शिकले. मात्र सहाव्या ओळीशी आले की काका माझा हात उचलून घ्यायचे. "बस, इथपर्यंत पुरे. खाली कागद नाजूक आहे, अस्तर लावलंय." सातव्या ओळीच्या मागे त्यांनी दुसऱ्या कागदाचा तुकडा डकवलेला होता. मला त्यात कधी काही वाटलं नाही. आई सांगते गरम आहे, तर आपण तव्याला हात लावत नाही, तसंच.

आज मी ठरवलं, उद्याच्या साक्षीला पक्का पुरावा हवा. नक्कल नवी असेल तर अस्तराची खळही नवी असणार. टीपकागद ओलावून अस्तरावर ठेवला, वाट बघितली, आणि पापुद्र्यासारखं हळूहळू सोडवलं.

खळ जुनी होती. पार तपकिरी झालेली, कुरकुरीत. आणि ती ओली झाल्याबरोबर लवंगेचा वास आला.

काका खळीत लवंगेचं तेल घालतात. किडा लागू नये म्हणून. आमच्या खोलीत दुसरं कोणीच घालत नाही, बाकीचे मोरचूद घालतात. लहानपणी काकांच्या बोटांना सतत तो वास यायचा, ताप आला की तो कपाळावर यायचा.

अस्तराखाली कागद गुळगुळीत नव्हता. तेवढं असतं तरी मी काहीतरी कारण शोधलं असतं. तिथे अस्तराने दाबून बसवलेल्या सुरकुत्या होत्या, खालून वर ओढलेल्या, तिरक्या, आणि मध्ये तंतू पिंजारलेले. हे काय असतं ते मला सांगावं लागत नाही. शिकाऊ पोरांच्या हातून दर वर्षी होतं. कागद ओला असताना उचलला की असं होतं. कागदाचा आतला पापुद्रा दगडालाच चिकटून राहतो, अक्षरं निघून जातात.

"ओला कागद उचलू नये." काकांचं हे वाक्य आमच्या घरात दात घासा, पाय पुसा याच्या बरोबरीने म्हटलं जायचं. कागद वाळायची वाट बघता येत नसेल तर घरी बसा, असं ते भल्याभल्यांना ऐकवायचे. एका परदेशी पंडिताला ऐकवलं होतं.

मी किती वेळ बसून होते कोण जाणे. लाइटवाल्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्याने अस्तर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसला. साप समजून मी इतके दिवस भुई धोपटत होते.

घरी गेले. चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "खळीत लवंगेचं तेल होतं."

काका खिडकीत बसले होते. "हं," म्हणाले.

"सुरकुत्याही बघितल्या."

"गाडीवाला थांबायला तयार नव्हता," ते म्हणाले. "हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, वाळलाय. वाळला नव्हता. घरी येऊन बघतो तर खाली काही नाही. परत जायला साहेब रजा देईनात. रजा मिळाली तोवर तिथे खडी पडली होती."

"मग?"

"मग काय. मी वाचली होती ना ओळ. डोळ्यांनी वाचली होती. भरली शाई."

मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला. असा राग आला की आवाज चढला. "उद्या त्या माणसाची नोकरी जाणार आहे, काका! आणि तुम्ही मला म्हणालात, आजकाल काहीही होऊ शकतं!"

"माझं वय बघ गं."

"त्याच्या मुलीचं वय बघू का?"

मी जेवण वाढलं, दोघांनीही खाल्लं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी निघताना काका झोपलेले होते, किंवा तसे पडलेले होते. मी हाक मारली नाही. यायचं का, असं विचारायला हवं होतं का? विचारलं असतं आणि ते नाही म्हणाले असते तर मला ते ऐकायचं नव्हतं.

समितीपुढे मी सांगितलं, ठसा खरा आहे, चोरी झालेली नाही, तक्रार माझी चूक आहे. सातवी ओळ हाताने भरलेली आहे. कोणी भरली? असं विचारलं. मी म्हटलं, ज्यांनी ठसा घेतला त्यांनी. खोलीत कोणीतरी "अरेरे" म्हणालं. संचालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेच्या पुस्तकातली ओळ आहे हो ती, एवढंच ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात लाइटवाल्याला गाठलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काकांनी हात धरला होता माझा, मॅडम. मी शहानिशा करायला गेलो होतो त्यांच्याकडे, संत्री घेऊन. म्हणाले, मी गेल्यावर काय ते सांग, तोवर फाइल बाजूला ठेव. रडले. माझे वडील असते तर त्यांच्याच वयाचे असते. शब्द दिला."

"आणि नोकरी गेली असती तर?"

"फरशा आहेतच की अजून."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "राहू द्या. तुम्ही नजर ठेवायचात म्हणून माझे हात तरी स्वच्छ राहिले." मला हसू आलं आणि मग हसू आल्याचीच लाज वाटली.

घरी आले तर काका दाराजवळच्या स्टुलावर. इस्त्रीचा शर्ट, कोट, विंचरलेले केस. एका पायात बूट, नाडी न बांधलेली. दुसरा बूट हातात. म्हणाले, "निघालोच होतो. वाकता येईना."

मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. खरंच निघाले होते? की माझी पावलं ऐकून बसले? कोट किती वाजता घातला? शेजारच्यांना हाक मारली असती तर त्यांनी नाडी बांधून दिली नसती का? मला हे सगळं विचारावंसं वाटलं आणि काकांबद्दल असं वाटण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिली वेळ. संशय माझ्या अंगात कायमचाच आहे. पण त्याने आजवर हा उंबरठा ओलांडला नव्हता.

खाली बसून त्यांचा बूट काढला. म्हटलं, "सांगितलं मी. त्याची नोकरी राहिली."

"बरं केलंस."

"काका, एकदाच विचारते. दगडावर होती का सातवी ओळ?"

"होती," ते लगेच म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, हळू आवाजात, "असायलाच हवी होती गं."

मोजा काढला, पाय थंडगार होते, चोळले.

८ फेब्रुवारी, रविवार

काकांना फिरायला नेलं. पाणीपुरवठ्याच्या पाटीशी थांबले, शेवटपर्यंत वाचली, खाली वाकले. मी इतकी वर्षं शेजारी उभी राहून घड्याळ बघायची. आज मीही वाकून बघितलं. खाली नुसती भिंत आहे.

परत येताना रिक्षा केली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाटाच्या लेखाची नोंद आज डिजिटल संग्रहात चढवली. लाइटवाला कॉम्प्युटरवर, मी शेजारी. तो पुन्हा गुणगुणायला लागलाय, बेसूरच.

"सातवी ओळ फोटोतून कापू?" त्याने विचारलं. संचालकांची तशी इच्छा आहे.

"नाही. जशी आहे तशी. सुरकुत्यांचा फोटोही जोडा."

"ओळी किती लिहू?"

"दगडावरच्या सहा. सातवी कागदावर."

"दगडावर होती की नव्हती?"

"माहीत नाही, असं लिहा."

तसा पर्याय यादीत नव्हता. त्याने कुठेतरी खटपट करून तो तयार केला. मग सातव्या ओळीसाठी वेगळा रकाना उघडला: कोणाच्या हातची. पूर्ण नाव लिहिणे आवश्यक, असं खाली तांबड्या अक्षरांत येत होतं. आडनावावर भागेना, पुढे जाऊच देईना.

मी म्हटलं, "सरका, मी लिहिते."

काकांचं नाव लिहिलं. मग वडिलांचं नाव, म्हणजे आजोबांचं. मग आडनाव. लाइटवाल्याने विचारलं, बरोबर आहे ना, आता बदलता येणार नाही. मी एकदा वाचलं, मग मधलं नाव पुन्हा वाचलं. ते मी याआधी कुठे लिहिलेलं पाहिलंय का, आठवेना. बरोबर आहे, म्हटलं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. वाटलं होतं, लाजतील, किंवा संतापतील. साऱ्या जगापुढे त्यांची चूक त्यांच्या नावाने टांगली होती मी. ते उशीवर जरा उठून बसले.

"पूर्ण नाव घातलंस?"

"हो."

"मधलंही?"

"हो. मधलंही."

"वाचून दाखव," म्हणाले. वाचून दाखवलं. मग म्हणाले, पुन्हा एकदा वाच.